भादव्याच्या आधी विचारलंत, बरं झालं

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरं

प्रश्न : डॉक्टरताई, आमच्याकडे लॅब्रॅडॉर आहे, गुंड्या. वय १४ महिने, वजन ३१ किलो, तब्येत ठणठणीत. दीड महिन्याचा होता तेव्हापासून घरात आहे. पण गेल्या महिन्यात दोनदा फाटकावरून उडी मारून पळाला. दुसऱ्या वेळी दीड दिवस बेपत्ता होता. दशहरा मैदानाच्या बाजूला सापडला तेव्हा एक कान फाटलेला आणि अंगभर गोचिडी. घरात सोफ्याच्या उशीवर चढतो, कधी पाहुण्यांच्या पायावर. मेल्याहून मेल्यासारखं होतं. शिवाय दूधवाला आणि सिलिंडरवाला आला की अंगावर धावतो. परवा सिलिंडरवाल्याची पँट दातांत धरली. सगळे म्हणतात, नसबंदी करून टाका, गाईसारखा गरीब होईल. आमचे हे तयार नाहीत. म्हणतात, धडधाकट कुत्र्यावर सुरी कशाला चालवायची, पुढे तो लठ्ठ आणि सुस्त होतो. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला खच्ची करणं पाप आहे. मुलगी म्हणते, आजच्या आज करा. मी मधल्या मध्ये. तुम्ही सांगाल ते करू.
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा सिलिंडरवाल्यापाशी अडले. पळणं, उशीवर चढणं आणि सिलिंडरवाल्यावर धावणं या तीन गोष्टी तुम्ही एका दमात लिहिल्यात. साहजिक आहे, तुमच्या दृष्टीनं त्रास एकच आहे आणि त्याचं नाव गुंड्या. पण या तिन्हींचं मूळ एक नाही. नसबंदीचे निर्णय चुकतात ते बहुतेक वेळा याच गल्लतीमुळे.

पळण्याचं मूळ सरळ आहे. गल्लीतली कुठली तरी कुत्री माजावर आली, वाऱ्यावर तिचा वास आला, आणि १४ महिन्यांच्या नराच्या अंगात वृषणांतून तयार होणारं टेस्टोस्टेरॉन भरपूर आहे. मग चार फुटांचं फाटक त्याला फाटक वाटतच नाही. असे कुत्रे मी रोज बघते. तीन-तीन दिवस जेवणाला तोंड लावत नाहीत, रात्रभर दाराशी रडतात, वजन उतरतं. या बाबतीत नसबंदीचा, म्हणजे वृषण काढून टाकण्याचा, उपयोग होतो. १९९७ साली अमेरिकेत ५७ कुत्र्यांचा अभ्यास झाला होता. पळून जाणं, चढणं आणि जागोजागी मुतून खुणा करणं या तीन सवयी सुमारे ६० टक्के कुत्र्यांत नसबंदीनंतर निम्म्यानं किंवा त्याहून जास्त कमी झाल्या. म्हणजे बऱ्याच जणांत फरक पडतो, पण सगळ्यांत नाही. पूर्ण थांबणं तर त्याहून थोड्यांच्या नशिबी.

उशीवर चढणं अर्धं त्यातलं, अर्धं नुसत्या उत्साहाचं. पाहुणे आले, घरात गडबड झाली, अंगातली ऊर्जा कुठे घालवायची कळलं नाही, की तो चढतो. नसबंदी झालेले कुत्रेही चढतात आणि कुत्र्याही चढतात. उशी उचलून ठेवा, त्याला ‘बस’ म्हणा, बसला की दोन दाणे द्या. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

आता सिलिंडरवाला. तो रिकामं सिलिंडर रस्त्यावर टाकतो तेव्हा ठण्णकन जो आवाज होतो, त्यानं माणूससुद्धा दचकतो. पुढच्या वेळी तो यायचा असेल तेव्हा गुंड्याला आतल्या खोलीत, साखळीला बांधून ठेवा आणि त्याचं अंग बघा. कान मागे चिकटलेत का? शेपूट खाली आहे का, की वर ताठ? भुंकताना दोन पावलं पुढे आणि लगेच तीन मागे, असं होतं का? अंगाचा भार मागच्या पायांवर आहे का? तसं असेल तर गुंड्या दांडगाई करत नाहीये, तो घाबरलाय. तुमच्या पत्रावरून मला भीतीचाच दाट संशय आहे, कारण तुम्ही दोनच माणसं लिहिलीत आणि दोघंही जड, खणखणणाऱ्या वस्तू घेऊन येणारी.

भीतीवर नसबंदीचा उपाय नाही. उलट टेस्टोस्टेरॉन कुत्र्याला थोडा धीर देतं. अलीकडच्या काही अभ्यासांत, ते लवकर काढून घेतलेल्या नरांत भित्रेपणा आणि भीतीपोटी अंगावर जाणं जास्त आढळलं आहे. हे मी पुस्तकातून शिकले त्याच्या आधी एका कुत्र्याकडून शिकले. पुष्कळ वर्षं झाली. जर्मन शेफर्डचा संकर, दहा महिन्यांचा, अनोळखी माणूस दिसला की गुरगुरायचा. मालक म्हणाले, शांत करून द्या. मी शस्त्रक्रिया केली. जखम सुरेख भरली, दहाव्या दिवशी टाके काढले, मालक खूष. सहा महिन्यांनी त्याच मालकांचा फोन आला, शेजारच्या मुलाला चावला म्हणून. मी त्या कुत्र्याला टेबलावर घेण्याआधी, तो कशाला घाबरतो, हा एक प्रश्न विचारायला हवा होता. विचारला नाही. त्या मुलाच्या मनगटाला पडलेले चार दात अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. तेव्हापासून ‘शांत करून द्या’ म्हणणाऱ्या कुणालाही मी त्याच दिवसाची वेळ देत नाही.

यजमानांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते त्यांना सांगा. निरोगी शरीरावरची शस्त्रक्रिया ही शस्त्रक्रियाच असते. लिंगग्रंथींच्या संप्रेरकांचं काम फक्त प्रजननाचं नसतं. हाडं कधी वाढायची थांबणार हेही ती ठरवतात. ग्रंथी फार लवकर काढल्या की हाडं थोडी जास्त लांबतात आणि सांध्यांचा मेळ बिघडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ साली ७५९ गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. एक वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांपैकी १० टक्क्यांना खुब्याच्या सांध्याचा दोष होता, नसबंदी न झालेल्यांत त्याच्या निम्म्यांना. लॅब्रॅडॉरमध्ये हा धोका विशेष करून सहा महिन्यांच्या आत केलेल्या शस्त्रक्रियेत दिसला. पुढे त्यांनी संकरित कुत्रेही पाहिले. २० किलोंच्या आतल्यांत असा फरक नव्हता, मोठ्यांत होता. म्हणून तुमच्या शेजारी कुणाचा पग असेल आणि त्यांनी सहाव्या महिन्यात उरकलं असेल, तर ते उदाहरण गुंड्याला लावू नका. तुमची मोठी वेळ टळली आहे. त्याची हाडं जवळपास पूर्ण वाढलीत.

लठ्ठपणाचं काय? नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज साधारण पाव हिश्शानं कमी होते. पण लठ्ठ शस्त्रक्रिया करत नाही, ताटली करते. आपल्या इंदुरात कुत्र्याला सकाळी पोह्यांतला वाटा, दुपारी पोळीचा, संध्याकाळी मूठभर शेव, आणि रविवारी जिलबीचा तुकडा. लॅब्रॅडॉर ‘नको’ म्हणणारी जातच नाही. शस्त्रक्रिया झाली की त्या आठवड्यापासून खाणं मोजून पाव हिस्सा कमी करायचं आणि महिन्याला एकदा वजन करायचं. हाताला बरगड्या लागल्या पाहिजेत. इतकं पाळलंत तर तो ३१ किलोंचा ३१ किलोच राहील.

आता लोक जी भीती घालतात ती. ‘नाही केलंत तर कॅन्सर होईल.’ वृषणांच्या गाठी म्हाताऱ्या नरांत होतात, खऱ्या. पण त्यातल्या बहुतेक शरीरात पसरत नाहीत, आणि तेव्हा शस्त्रक्रिया केली तरी कुत्रा बरा होतो. प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली नराची ग्रंथी; तिची साधी वाढ पाच-सहा वर्षांनंतर निम्म्याहून अधिक नरांत आढळते. तिच्यावरही नसबंदी हाच इलाज, आणि तो तेव्हाही करता येतो. प्रोस्टेटचा खरा कॅन्सर कुत्र्यांत विरळा, आणि तो नसबंदीनं टळत नाही. तेव्हा या धास्तीनं १४ महिन्यांच्या कुत्र्याला घाईनं टेबलावर घेण्याचं कारण नाही.

एक अपवाद आहे. आज रात्री गुंड्या उताणा लोळेल तेव्हा यजमानांना सांगा, दोन बोटांनी हलकेच चाचपून बघा. दोन्ही वृषण पिशवीत लागले पाहिजेत, सारख्या आकाराचे, लवचीक. एकच लागला तर दुसरा पोटात किंवा जांघेत अडकलेला आहे, आणि अशा अडकलेल्या वृषणात गाठ होण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त. मग चर्चा संपली, शस्त्रक्रिया करायचीच. मागच्याच वर्षी एक गृहस्थ ‘नसबंदी करू की नको’ हे विचारायला आले होते. कुत्रा चार वर्षांचा, आणि एवढ्या वर्षांत कुणी हात लावून पाहिलंच नव्हतं. एकच होता.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या शब्दावर मी हसणार नाही. ‘खच्ची’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर गावाकडचा बैल येत असेल, भुलेशिवाय, दोरखंडानं पाडून केलेला. ते ज्यानं पाहिलंय त्याला पाप वाटणारच. आज कुत्र्याला पूर्ण भूल असते, वेदनाशामक आधीच दिलेलं असतं, अर्ध्या तासात काम संपतं. तरीही त्यांच्या प्रश्नाचं मूळ उरतंच : ज्याला काही झालेलं नाही त्याचं काढायचं का? नॉर्वेमध्ये प्राणिकल्याणाचा कायदाच सांगतो की योग्य कारणाशिवाय प्राण्याचा अवयव काढू नये. तिथे कुत्र्यांची सरसकट नसबंदी करत नाहीत. म्हणजे सासूबाई जे बोलल्या ते एका देशानं कायद्यात लिहिलं आहे.

पण नॉर्वेच्या रस्त्यांवर मोकाट कुत्री नाहीत. आपल्याकडे आहेत, आणि माझं सगळं म्हणणं इथून सुरू होतं. आपल्या मालव्यात भादव्यापासून कार्तिकापर्यंत गल्लीतल्या कुत्र्या मोठ्या संख्येनं माजावर येतात आणि दोन महिन्यांनी ऐन थंडीत व्यायतात. नाल्याच्या कडेला, बांधकामाच्या विटांच्या आडोशाला. मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते तेव्हापासून दर पौषात कुणी ना कुणी पिल्लं खोक्यात घालून आणून देतं. त्यातली किती वाचतात ते मी इथे लिहीत नाही, मला लिहवत नाही. कधी कधी त्या खोक्यात एखादं पिल्लू जाड शेपटीचं, रुंद डोक्याचं, पिवळसर निघतं. त्याचा बाप कुणाच्या तरी घरात सोफ्याशेजारी झोपलेला असतो. सासूबाईंना हे जरूर सांगा. पापाचा हिशेब करायचा तर ती पिल्लंही त्यात धरावी लागतील. प्राणी जन्मदर नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांतही पाळीव कुत्र्याचं लसीकरण, जंतनाशन आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी म्हटली आहे.

त्यात त्याचाही जीव आहे. फाटलेला कान म्हणजे दुसऱ्या कुत्र्याचे दात. रेबीजची लस वेळेवर झाली आहे ना? झाली असली तरी, चावा लागला म्हणून पुन्हा टोचायची का, हे तुमच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. आणि मोकाट कुत्रीशी संग झाला असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळायची. संगातून पसरणारा एक कॅन्सर कुत्र्यांत असतो, आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांत तो बराच आढळतो. त्यात विषाणू नसतो, कॅन्सरच्या पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. काही महिन्यांनी लिंगावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ येते आणि फरशीवर रक्ताचे थेंब दिसू लागतात. व्हिन्क्रिस्टीन या कॅन्सरवरच्या औषधाची इंजेक्शनं दर आठवड्याला, साधारण चार ते सहा, दिली की बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. पण थेंब दिसला तर ‘उष्णता झाली असेल’ म्हणून थांबू नका.

तर माझं मत. गुंड्याची नसबंदी करावी, पण आत्ता नाही, माघात.

कारण ती भीती. येते पाच महिने त्याच्यासाठी अवघड आहेत : भादवा, मग नवरात्राचे ढोल, मग दिवाळीचे फटाके. घाबरलेल्या जिवाला आधी धीर मिळू दे. सिलिंडरवाल्याचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी गुंड्याला मागच्या खोलीत, आवाज कानावर येईल पण माणूस दिसणार नाही, इतक्या लांब ठेवा आणि ठण्ण झालं की लगेच उकडलेल्या कोंबडीचा बारीक तुकडा तोंडात द्या. शाकाहारी घर असेल तर पनीर. आवाज झाला की चांगलं काहीतरी मिळतं, हे त्याच्या डोक्यात बसायला काही आठवडे लागतात. मग खोलीचं दार उघडं ठेवून, मग ओटल्यापासून लांब, पट्टा हातात धरून. घाई केलीत तर पुन्हा पहिल्या पायरीवर जाल. रागावू नका, पट्टा हिसकू नका. आणि तोवर तोंडावर जाळी घालायची सवय लावा. सिलिंडरवाल्याची पोटरी तुमच्या प्रयोगाची किंमत नाही.

पळण्याचं मात्र आजच बघा. फाटक सहा फुटांचं करून घ्या, खालच्या बाजूला पाय रोवायला आडवी पट्टी नको. भादव्यापासून कार्तिकापर्यंत गुंड्या घराबाहेर पडेल तो फक्त पट्ट्यावर, फक्त मोठ्या माणसाच्या हातात. सकाळ-संध्याकाळ पाऊण-पाऊण तास नीट चालवा. नुसतं कोपऱ्यापर्यंत नेऊन आणणं या वयात पुरत नाही. आणि हे तुमच्याकडून जमणार नसेल, फाटक होणार नसेल, घरात दिवसभर ये-जा असून कडी उघडीच राहत असेल, तर स्वतःशी खरं बोला आणि भादव्याच्या आधीच शस्त्रक्रिया करून घ्या. भीतीचा प्रश्न मग नंतर, जरा जास्त कष्टानं सोडवावा लागेल; पण तो एका घराचा प्रश्न आहे. मोकाट सुटलेल्या नराचा तसा नाही.

माघात थंडी असते, चिखल नसतो, माशा कमी असतात, जखम कोरडी राहते. शस्त्रक्रियेआधी रक्त तपासून घ्या, आणि त्यात प्लेटलेट्सचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणांचा, आकडा आवर्जून बघायला सांगा. गोचिडींच्या तापानं प्लेटलेट्स घसरतात, कुत्रा वरून अगदी ठीक दिसतो, आणि टेबलावर रक्त थांबत नाही. गुंड्याच्या अंगावर गोचिडी होत्या हे तुम्हीच लिहिलंत, म्हणून सांगते. आदल्या रात्रीनंतर खाणं नाही. नंतर दहा ते चौदा दिवस गळ्यात प्लास्टिकची कॉलर, अंघोळ नाही, उड्या नाहीत. कॉलर दाराच्या चौकटीला ठक्कन आपटेल, तो तिथेच थबकून तुमच्याकडे बघेल, तुमचं मन विरघळेल. काढू नका. एका रात्रीत टाके चाटून उसवलेले मी कितीतरी पाहिलेत. आणि शस्त्रक्रियेनंतर महिना-दीड महिना त्याला माद्यांपासून लांबच ठेवा. आधीचं बीज काही काळ शिल्लक असतं.

‘तुम्ही सांगाल ते करू’ असं लिहिलंत. मी सांगितलं खरं, पण गुंड्याला मी पाहिलेलं नाही. हे उत्तर घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना यजमानांनाही न्या. पट्टा बहुतेक तेच धरणार आहेत.

प्रश्न : आमचा पॉमेरेनियन ९ वर्षांचा आहे. नसबंदी कधी केली नाही. आठवड्यापासून लघवीनंतर रक्ताचे एक-दोन थेंब पडतात, शी करताना कुंथतो आणि शी चपटी येते. डॉक्टर नसबंदी सुचवतात. या वयात भूल सोसेल का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : वरच्या पत्रातल्या निरोगी कुत्र्याचा निर्णय वेगळा, तुमचा वेगळा. तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणं वाढलेल्या प्रोस्टेटकडे बोट दाखवतात. ती ग्रंथी आतड्याच्या लगत असते, फुगली की खालून दाबते, म्हणून शी चपटी. सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी करून घ्या, म्हणजे जंतुसंसर्ग किंवा मूतखडा तर नाही ना, ते कळेल. साधी वाढच असेल तर नसबंदी हाच तिचा इलाज. काही आठवड्यांत ग्रंथी आक्रसते आणि कुंथणं थांबतं. नऊ वर्षं हा काही आजार नाही. हृदय तपासा, मूत्रपिंड आणि यकृताचे आकडे बघा. पॉमेरेनियनची श्वासनलिका नाजूक असते, तो बदकासारखा ठसकत असेल तर ते भूल देणाऱ्यांना आधी सांगा. हे सगळं ठीक असेल तर भूल सोसेल. पण या दिवसांत कधी तो पाय उचलून उभा राहिला आणि लघवी अजिबात आली नाही, तर सकाळची वाट बघू नका, रात्री असाल तसे निघा.